युरिक अ‍ॅसिड ९.४ : प्रत्यारोपणानंतर नवव्या वर्षी

२०१८ सालचा भाद्रपद, रविवार. वॉर्ड तापाच्या रुग्णांनी भरलेला, त्यात डेंग्यूचे बरेच. दुपारी अडीचच्या सुमारास सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून जीप करून एक रुग्ण आला. वय ४६, साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. २००९ साली आईने दिलेली किडनी बसवलेली. चार दिवसांपासून ताप आणि तोंडभर फोड, घोटभर पाणी गिळतानाही डोळे पाणावत होते. सोबत बायको, आणि जिने किडनी दिली ती आई, आता सदुसष्ट वर्षांची. गावाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील इथे देत नाही.

निवासी डॉक्टरने केसपेपरवर 'डेंग्यू?' असं लिहिलं होतं, आणि त्या दिवशी त्या वॉर्डात कुणीही तेच लिहिलं असतं. ताप १०२, प्लेटलेट ३८,०००. पण रक्ताचा पूर्ण अहवाल हातात आला तेव्हा चित्र वेगळं दिसू लागलं. हिमोग्लोबिन ६.८. पांढऱ्या पेशी १,१००, त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी जेमतेम ३००. डेंग्यूत पांढऱ्या पेशी उतरतात हे खरं, पण हिमोग्लोबिन असं कोसळत नाही, उलट रक्त घट्ट होतं. इथे पेशींचे तिन्ही वंश एकदम आटले होते. लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत होत्या. किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन २.३, एरवी ते १.६ च्या आसपास असायचं.

प्रत्यारोपण झालेला रुग्ण आला की मी फाइल नंतर उघडतो, आधी गोळ्यांचा डबा मागतो. फाइलमध्ये आम्ही काय लिहिलं ते असतं, डब्यात माणूस काय खातो ते असतं.

डबा बिस्किटांचा होता, पत्र्याचा, कडेला गंज धरलेला. टेबलावर पालथा केला. शरीराने परकी किडनी झिडकारू नये म्हणूनची तीन औषधं आधी : सायक्लोस्पोरिनच्या कॅप्सूल, ज्यांचं पाकीट फोडलं की तो उग्र वास खोलीभर होतो. अ‍ॅझाथायोप्रिनच्या पिवळट गोळ्या, काही अर्ध्या केलेल्या, कारण डोस दिवसाला दीड गोळी, म्हणजे ७५ मिलिग्रॅम. प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम. रक्तदाबाची जोडगोळी, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र. या सगळ्या ओळखीच्या. आणि युरिक अ‍ॅसिड उतरवणाऱ्या औषधाचं एक नवं पाकीट : अ‍ॅलोप्युरिनॉल ३०० मिलिग्रॅम. दहाच्या पाकिटात पाच उरलेल्या. तशी तीन रिकामी पाकिटं त्यांच्या बायकोने जपून ठेवली होती, औषधाच्या दुकानात नाव दाखवायला बरं म्हणून. तीन पाकिटं आणि वर पाच गोळ्या. पस्तीस दिवस.

हिशेब तिथेच जुळला, पेशी औषधांच्या जोडीने आटल्या होत्या. अ‍ॅझाथायोप्रिन चालू असताना अ‍ॅलोप्युरिनॉल पूर्ण डोसमध्ये पस्तीस दिवस, एकदाही रक्तपेशींची तपासणी नाही.

पस्तीस दिवसांआधी

श्रावणातल्या एका रात्री दोन वाजता उजव्या पायाचा अंगठा एवढा ठणकला की अंगावरची गोधडी टेकलेलीही सहन होईना. अंगठ्याचं मूळ लालबुंद, चकाकतं, गरम. गावातल्या डॉक्टरांनी सकाळी बघितलं आणि गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साचून येणारी सूज, म्हणून बरोबर ओळखलं. डायक्लोफेनॅकची दोन इंजेक्शनं आणि पाच दिवस त्याच्याच गोळ्या दिल्या. युरिक अ‍ॅसिड तपासलं, ९.४ आलं, म्हणून अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केलं आणि 'तीन महिने चालू ठेवा' असं सांगितलं.

ज्याला एरवी कुठलाच आजार नाही अशा माणसाच्या बाबतीत हे बरंचसं चालून गेलं असतं. या रुग्णाच्या बाबतीत त्यातली दोन औषधं घातक होती. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं किडनीकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या आकसवतात. सायक्लोस्पोरिनही तेच करतं. दोन्ही एकत्र आली की एकुलत्या किडनीचा रक्तपुरवठा घटतो. क्रिएटिनिन १.६ वरून २.३ वर जाण्यात त्या पाच दिवसांचा हात होता, असं माझं मत आहे.

त्या डॉक्टरांना दोष देऊन मोकळं होणं मला जमत नाही. त्यांच्या हातात रुग्णाने जे फॉलोअपचं कार्ड दिलं ते आमच्या विभागाचं होतं. त्यावर गोळ्यांची नावं आणि डोस होते. 'अ‍ॅलोप्युरिनॉल आणि फेबुक्सोस्टॅट देऊ नये, वेदनाशामक इंजेक्शन देऊ नये' ही ओळ नव्हती. फेबुक्सोस्टॅट हेही युरिक अ‍ॅसिड उतरवणारंच औषध. आणि आमच्याकडच्या फाइलमध्ये दोन वर्षांपूर्वीच्या अहवालावर युरिक अ‍ॅसिड ८.६ या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केलेला होता, शेजारी माझ्या अक्षरात 'आहार सांभाळा' एवढंच. का वाढलं, ते लिहिलं नव्हतं. रक्तदाबाच्या गोळीत युरिक अ‍ॅसिड वाढवणारं क्लोरथॅलिडोन आहे, हेही माझ्या नजरेतून सुटलं होतं.

त्या दोन शब्दांचं घरात काय झालं ते नंतर कळलं. डाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद, वांगं बंद. दोन वर्षं त्यांच्या बायकोने त्यांच्यासाठी वेगळी भाजी रांधली. वजन सहा किलोने उतरलं. खरं तर डाळी आणि पालेभाज्यांतल्या प्युरिनमुळे गाऊटचा धोका वाढत असल्याचं दिसत नाही. तो वाढतो मटणाने, त्यातही कलेजी-गुर्द्याने, काही माशांनी, बिअरने आणि फ्रुक्टोजने. हे गृहस्थ माळकरी, मटण-दारूला शिवत नाहीत. पण गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या दारातला उसाचा रस रोज दोन ग्लास, आणि घरी भाकरीबरोबर काकवी. उसातली साखर पोटात गेली की निम्मी फ्रुक्टोज होते. यकृत फ्रुक्टोज पचवताना पेशीतले ऊर्जा पुरवणारे रेणू भराभर मोडतं आणि त्यांच्या तुकड्यांचं शेवटी युरिक अ‍ॅसिड बनतं. डाळ सुटली आणि रस तसाच राहिला. मी विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

एका प्रयोगशाळेतली दोन औषधं

ही दोन औषधं एकमेकांना का भिडतात, हे नीट सांगायला हवं, कारण यात योगायोग काहीच नाही.

गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज हे दोघे अमेरिकेत बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. रक्ताच्या कर्करोगावर त्यांनी ६-मर्कॅप्टोप्युरिन शोधलं. ते १९५३ पासून वापरात आलं. त्याचंच एक रूप म्हणजे अ‍ॅझाथायोप्रिन, जे शरीरात गेल्यावर पुन्हा ६-मर्कॅप्टोप्युरिन होतं. १९६२ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी मृत दात्याची किडनी बसवून रुग्णाला अ‍ॅझाथायोप्रिन दिलं आणि ती किडनी वर्षाहून अधिक चालली. प्रत्यारोपणाचं आजचं शास्त्र त्या गोळीवर उभं राहिलं.

पण मर्कॅप्टोप्युरिनची एक अडचण होती. झँथिन ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) शरीरात त्याचा निकाल लावायचं. तेव्हा याच मंडळींनी ते विकर रोखणारं संयुग हाताशी धरलं, मर्कॅप्टोप्युरिन जास्त वेळ टिकावं म्हणून. ते संयुग म्हणजे अ‍ॅलोप्युरिनॉल. कर्करोगाच्या रुग्णांना ते दिल्यावर दिसलं की त्यांचं युरिक अ‍ॅसिडही झपाट्याने उतरतं, कारण युरिक अ‍ॅसिड बनवणारं विकरही तेच. १९६६ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलोप्युरिनॉलला गाऊटचं औषध म्हणून मान्यता मिळाली. १९८८ मध्ये एलियन आणि हिचिंग्ज यांना जेम्स ब्लॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं.

म्हणजे मर्कॅप्टोप्युरिनचं बळ वाढवणं हे अ‍ॅलोप्युरिनॉलचं मूळ काम. आमच्या रुग्णाच्या शरीरात त्याने ते चोख बजावलं. मर्कॅप्टोप्युरिनला शरीरात तीन वाटा असतात. एक वाट झँथिन ऑक्सिडेजची, तिने ते निकामी होऊन लघवीतून जातं. दुसरी टीपीएमटी या विकराची. तिसऱ्या वाटेने त्याची थायोग्वानिन न्यूक्लिओटाइड्स बनतात, जी अस्थिमज्जेतल्या वाढत्या पेशींच्या डीएनएत शिरतात. पहिली वाट बुजवली की माल तिसऱ्या वाटेला लागतो. रोजचे ७५ मिलिग्रॅम मज्जेला तिप्पट-चौपट डोससारखे लागू पडतात. म्हणूनच ही जोडी द्यायचीच वेळ आली तर अ‍ॅझाथायोप्रिन पाव ते एक तृतीयांशावर आणायचं, असा जुना नियम आहे. फेबुक्सोस्टॅट नवं म्हणून सुरक्षित, असा समज मी बऱ्याच ठिकाणी ऐकला आहे. तेही हेच विकर रोखतं, धोका तोच.

वॉर्डातले दिवस

अ‍ॅझाथायोप्रिन आणि अ‍ॅलोप्युरिनॉल दोन्ही त्याच मिनिटाला बंद केली. रक्त कल्चरला पाठवून तासाभरात पिपरासिलिन-टाझोबॅक्टम सुरू केलं, वेगळी खोली दिली. डेंग्यूची तपासणी नकारात्मक आली. प्रत्यारोपित रुग्णात पेशी घटण्याची आणखी कारणं असतात, सायटोमेगॅलो विषाणू, पार्व्हो विषाणू, मज्जेत शिरलेला क्षय. त्यांच्याही तपासण्या पाठवल्या, पण वाट बघत बसलो नाही. मज्जा काढून तपासावी का, यावर दोन मतं होती. मी पहिला आठवडा थांबायचं ठरवलं, कारण डब्यातलं पाकीट पुरेसं बोलत होतं.

रक्त द्यावं लागलं. इथे एक काळजी घ्यावी लागते जी गडबडीत राहून जाते. प्रत्यारोपण झालेल्याला रक्त देताना पांढऱ्या पेशी गाळून घेतलेलं द्यायचं, नाहीतर परक्या पेशींविरुद्ध त्याच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात आणि उद्या दुसऱ्या किडनीची वेळ आली तर जुळणारा दाता मिळणं अवघड होतं. चौथ्या दिवशी प्लेटलेट १४,००० पर्यंत उतरल्या आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तेव्हा एकाच दात्याच्या प्लेटलेट दिल्या. पेशी वाढवायला फिलग्रास्टिमची इंजेक्शनं पाच दिवस.

सगळ्यात अवघड प्रश्न किडनीचा होता. तीन औषधांच्या आधारावर ती नऊ वर्षं टिकली होती, त्यातलं एक काढून घेतलेलं. सायक्लोस्पोरिन चालू ठेवलं, प्रेडनिसोलोन ५ वरून २० मिलिग्रॅम केलं. ज्याच्या अंगात न्यूट्रोफिल नाहीत त्याला स्टिरॉइड वाढवायचं म्हणजे जंतूंना दार किलकिलं करून देणं. न वाढवावं तर शरीर किडनीवर उलटण्याची भीती. त्या चार रात्री मी नीट झोपलो नाही.

सातव्या दिवशी न्यूट्रोफिल ४५०. नवव्या दिवशी ८००. अकराव्या दिवशी १,४०० आणि ताप गेला. कल्चरमध्ये काही वाढलं नाही, विषाणूंच्या तपासण्या निर्मळ आल्या. क्रिएटिनिन १.७ वर स्थिरावलं.

तेराव्या दिवशी पहाटे अंगठा पुन्हा पेटला. गाऊटची सूज न्यूट्रोफिल पेशींशिवाय उठत नाही. सांध्यात युरेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांना गिळायला या पेशी धावतात आणि त्यातून आग होते. मधले पस्तीस दिवस अंगठा गप्प होता तो गोळीच्या गुणाने, असं रुग्ण मानत होते. मला वाटतं, शेवटचे काही आठवडे तरी तिथे भांडायला सैन्यच नव्हतं. पेशी परतल्या, त्याही फिलग्रास्टिमच्या जोरावर, तसं दुखणं परतलं.

कोल्चिसिन द्यावं का, असं निवासी डॉक्टरने विचारलं. सायक्लोस्पोरिन घेणाऱ्याला ते मी देत नाही. सायक्लोस्पोरिन कोल्चिसिनचा शरीराबाहेर जायचा रस्ता अडवतं, आणि काही आठवड्यांत माणसाला जिना चढता येईनासा होतो, स्नायू झिजतात. प्रेडनिसोलोन पाच दिवस ३० मिलिग्रॅम केलं आणि उतरवत आणलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते चप्पल घालून व्हरांड्यात फिरले.

९.४ आलं कुठून

युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकायचं दोन तृतीयांश काम किडनीचं, उरलेलं आतड्याचं. किडनी जेवढं गाळते त्यातलं साधारण ९० टक्के ती परत शोषूनही घेते. त्यामुळे तिच्या कामात थोडा फरक पडला तरी रक्तातला आकडा चांगलाच हलतो. आमच्या रुग्णाची किडनी एक, तिची गाळणक्षमता मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास. हे पहिलं कारण.

दुसरं सायक्लोस्पोरिन. ते युरिक अ‍ॅसिड बाहेर पडू देत नाही. १९८९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासात सायक्लोस्पोरिनवरच्या प्रत्यारोपित रुग्णांपैकी ८४ टक्क्यांचं युरिक अ‍ॅसिड वाढलेलं आढळलं, अ‍ॅझाथायोप्रिनवरच्यांपैकी ३० टक्क्यांचं. त्याच्या जागी दिलं जाणारं टॅक्रोलिमसही या बाबतीत साव नाही. तिसरं क्लोरथॅलिडोन. लघवी वाढवणाऱ्या बहुतेक गोळ्या युरिक अ‍ॅसिड अडवून धरतात. चौथं रस आणि काकवी, आणि सोलापूरच्या उन्हात काट्याच्या पत्र्याच्या खोलीत दिवसभर बसून पुरेसं पाणी न पिणं.

यातली पहिली दोन कारणं हटवता येण्यासारखी नव्हती. नऊ वर्षं सांभाळलेलं सायक्लोस्पोरिन नुसत्या आकड्यासाठी बदलायचं मी टाळलं. क्लोरथॅलिडोन काढून अ‍ॅम्लोडिपिन दिलं. टेल्मिसार्टनच्या जागी लोसार्टन आणलं, कारण त्याच्या कुळातलं तेच एक औषध युरिक अ‍ॅसिड लघवीवाटे सोडायला मदत करतं. पेशी नीट भरल्यावर अ‍ॅझाथायोप्रिनच्या जागी मायकोफिनोलेट सुरू केलं, ज्याचा झँथिन ऑक्सिडेजशी संबंध नाही. २०११ साली महागडं म्हणून आम्हीच ते बंद करून त्यांना अ‍ॅझाथायोप्रिनवर आणलं होतं. आता ते पूर्वीपेक्षा स्वस्त मिळत होतं. आणि ताटात डाळ परत आणली. दोन महिन्यांनी युरिक अ‍ॅसिड ८.१, त्यासाठी एकही वेगळी गोळी न देता.

आईचा प्रश्न

घरी सोडायच्या दिवशी आई माझ्या खोलीत एकटी आली. पदर सावरत उभी राहिली, बसा म्हटलं तरी बसली नाही.

"डॉक्टर, मी दिली तवा चांगली होती न्हवं ती? मग आता ह्या युरिकनं खाल्ली व्हय तिला?"

गावात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की युरिक वाढलं की बसवलेली किडनी जाते. हे सांगणाऱ्याने अगदीच हवेत बोललं होतं असं नाही. ज्यांचं युरिक अ‍ॅसिड जास्त त्यांच्या प्रत्यारोपित किडन्या लवकर निकामी होतात, असं जुन्या अनेक अभ्यासांत दिसलं होतं. घोळ असा की ज्याची किडनी आधीच मंदावली आहे त्याचं युरिक अ‍ॅसिड आपोआप वाढतं. मग किडनी गेली ती युरिक अ‍ॅसिडमुळे, की ज्या बिघाडाने युरिक अ‍ॅसिड वाढलं त्याच बिघाडाने?

मी मावशींना म्हटलं, "तुमच्या विहिरीवरची मोटर कमी उपसायला लागली की पाणी वर चढतं. चढलेल्या पाण्यानं मोटर बिघडवली, असं म्हणाल का?"

त्या क्षणभर थांबल्या. "न्हाई. मोटर बघावी लागंल."

याच प्रश्नावर नंतरच्या काळात काटेकोर काम झालं. सिम्फनी या किडनी प्रत्यारोपणाच्या मोठ्या चाचणीतल्या रुग्णांच्या नोंदींचं विश्लेषण २००९ मध्ये आलं. सुरुवातीची किडनीची क्षमता हिशेबात घेतली की युरिक अ‍ॅसिडचा पुढच्या कामावर वेगळा परिणाम उरत नाही, असं त्यात निघालं. टोरंटोच्या अभ्यासकांनी आणखी पुढची पायरी गाठली. काळाबरोबर युरिक अ‍ॅसिड आणि किडनीची क्षमता दोन्ही बदलत राहतात आणि एकमेकांत गुंततात, तो गुंता सोडवणारी गणिती पद्धत त्यांनी वापरली, आणि युरिक अ‍ॅसिड हे किडनी जाण्याचं स्वतंत्र कारण म्हणून उभं राहिलं नाही. २०१७ मध्ये फेव्हरिट चाचणीचं विश्लेषण आलं. ही मूळ चाचणी होमोसिस्टीन कमी करणाऱ्या जीवनसत्त्वांची, अमेरिका, कॅनडा आणि ब्राझीलमधल्या चार हजारांवर प्रत्यारोपित रुग्णांची. त्यातल्या साडेतीन हजारांच्या आसपास रुग्णांचं युरिक अ‍ॅसिड मोजलेलं होतं. नुसतं बघितलं तर जास्त युरिक अ‍ॅसिडवाल्यांचे हृदयविकार, मृत्यू आणि किडनी निकामी होणं हे सगळंच जास्त दिसत होतं. किडनीची क्षमता आणि बाकीचे धोके जमेस धरल्यावर तो संबंध विरला.

हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत, आणि उलट निष्कर्षाचेही काही आहेत. आकडा उतरवून किडनी वाचते का, याचं उत्तर औषध देऊन बघूनच मिळतं. प्रत्यारोपित रुग्णांवरच्या अशा चाचण्या लहान आहेत. पण स्वतःच्या किडनीचा आजार असलेल्यांवर दोन भक्कम चाचण्या २०२० मध्ये एकदमच प्रसिद्ध झाल्या. एकीत ३६९ रुग्णांना १०४ आठवडे अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा नकली गोळी दिली. गाळणक्षमता वर्षाला अनुक्रमे ३.३३ आणि ३.२३ ने घटली, म्हणजे फरक नाहीच. दुसरीत पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे ५३० रुग्ण तीन वर्षं होते, तिथेही किडनीला फायदा झाला नाही, युरिक अ‍ॅसिड मात्र छान उतरलं होतं. किडनीरोगाच्या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय केडिगो मार्गदर्शक सूचनांनीही त्रास नसताना, केवळ किडनीचा आजार लांबवण्यासाठी युरिक अ‍ॅसिडची गोळी देऊ नये असंच सुचवलं आहे.

म्हणून माझं मत ठाम आहे. प्रत्यारोपित रुग्णाचा आकडा ८ किंवा ९ आला आणि सांधा कधी दुखलेला नाही, मुतखडा नाही, तर मी गोळी लिहीत नाही. आकडा का वाढला ते शोधतो. तपासणीच्या पॅकेजमध्ये तो ठळक अक्षरात छापून येतो आणि घर घाबरतं. त्या भीतीपोटी सुरू झालेली गोळी या माणसासारखीच एखाद्याच्या जिवावर येऊ शकते. गाऊट मात्र वेगळी गोष्ट आहे. तो खरा आजार आहे, रात्री झोपू देत नाही, सांधा कायमचा खराब करतो, आणि वेदनाशामकाच्या इंजेक्शनकडे पुन्हा पुन्हा ढकलतो. गाऊट झालेल्याला उपचार हवेतच.

पुढची वर्षं

पुढच्या पाच महिन्यांत अंगठा दोनदा सुजला, एकदा घोटाही. २०१९ च्या फेब्रुवारीत ठरवलं की आता अ‍ॅलोप्युरिनॉल द्यायचं. त्यांच्या बायकोने ते नाव ऐकताच डब्यावर हात ठेवला. मी अ‍ॅझाथायोप्रिनची एकही गोळी घरात उरलेली नाही ना हे तीनदा विचारलं. त्यांनी दुसऱ्या फेरीला घरातल्या देवळीतून दोन जुनी पाकिटं शोधून आणून माझ्या टेबलावर ठेवली.

सुरुवात ५० मिलिग्रॅमने. किडनीची क्षमता कमी असलेल्यांत कमी डोसने सुरुवात केली तर त्वचेवरची भयंकर प्रतिक्रिया होण्याचा धोका कमी राहतो. अंगावर पुरळ दिसलं की गोळी बंद करून लगेच फोन, हे दोघांकडून वदवून घेतलं. दर चार आठवड्यांनी रक्तपेशी, क्रिएटिनिन, युरिक अ‍ॅसिड. वर्षअखेर डोस २०० वर पोचला आणि आकडा ५.६ वर. शरीराच्या तापमानाला युरेट साधारण ६.८ च्या वर गेलं की स्फटिक धरू लागतं, आणि अंगठा तर शरीरापेक्षा थंड असतो, म्हणून ६ च्या खाली ठेवायचं. २०२० नंतर एकदाही झटका आलेला नाही.

फॉलोअपच्या कार्डावर आता आमच्याकडे लाल शाईत चौकट छापलेली असते : अ‍ॅझाथायोप्रिन चालू आहे, अ‍ॅलोप्युरिनॉल आणि फेबुक्सोस्टॅट देऊ नये. गावातल्या त्या डॉक्टरांना मी डिस्चार्जच्या दिवशीच फोन केला होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, मला अजून तीन प्रत्यारोपणवाले आहेत, त्यांच्या गोळ्या वाचून दाखवू का?" तिघांपैकी एकाच्या यादीत अ‍ॅझाथायोप्रिन होतं, फेबुक्सोस्टॅट कुणाच्याच नव्हतं. तेव्हापासून ते काही नवं लिहायच्या आधी फोन करतात.

प्रत्यारोपणाला आता सोळा वर्षं झाली. गेल्या महिन्यात रुग्ण आले ते अहवालाचा कागद पुढे धरूनच. युरिक अ‍ॅसिड ६.५, पाच वर्षांत पहिल्यांदा ६ च्या वर. "डोस वाढवू या का?" असं त्यांनी विचारलं. रस प्यायलेला नव्हता, गोळी चुकलेली नव्हती, नवं औषध कुठलं नव्हतं, डबा उघडून दोघांनी मिळून पाहिला. मी कागदाची वरची ओळ बघितली. क्रिएटिनिन १.७ वरून २.० झालं होतं. लघवीतलं प्रथिन, दात्याविरुद्धची प्रतिपिंडं आणि सायक्लोस्पोरिनची पातळी लिहून दिली, अ‍ॅलोप्युरिनॉल आहे तिथेच ठेवलं. प्रथिन वाढलेलं आलं. पुढच्या मंगळवारी किडनीची बायोप्सी आहे. मावशी आता त्र्याहत्तर पार केलेल्या, प्रवास झेपत नाही, तरी त्या दिवशी त्यांना यायचंच आहे.